गावच्या टूर्नामेंटची पेपरात टिंगल: हसायचं की जाहिरात बंद करायची?

सड्यावरचा:
मंडळी, आमच्या रत्नागिरी साइडला (गाव सांगत नाही, वाद नकोत) एक छोटा पेपर आहे, त्यात रविवारी चार चौकटींची व्यंगचित्रपट्टी येते. कधी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट पकडणारे, कधी गणपतीला आलेला चाकरमानी आणि त्याला घर दुरुस्तीचा खर्च ऐकवणारा काका, असं सगळं आपलंच. यावेळी टेनिस बॉलच्या टूर्नामेंटवर होती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो.

पहिल्या चौकटीत मांडवातला कॉमेंट्रीवाला माइक तोंडात घालून ओरडतोय, आणि आता मैदानात येतायत आपल्या पंचक्रोशीचे सेहवाग! दुसरीत सेहवाग गॉगल, चेन घालून गार्ड घेतायत, फिल्डिंग मोजतायत, मागे कीपर तोवर मोबाइल बघतोय. तिसरीत दांड्या गुल. चौथीत कॉमेंट्रीवाला म्हणतो, हरकत नाही, प्रथम क्रमांकाचा भव्य चषक मात्र यांच्याच सौजन्याने! आणि मागच्या बॅनरवर तोच गॉगल नि तीच चेन.

मी चहा सांडेपर्यंत हसलो. पण संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअपवर फिरायला लागलं की हा आमचाच ओपनर आहे, टी-शर्टचा नंबर पण तोच आहे, मंडळाने या पेपरला यापुढे एक जाहिरात द्यायची नाही. आता छोटा पेपर चालतो कशावर, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि टूर्नामेंटच्या जाहिरातींवर. म्हणजे ती पट्टी बंद पडणार हे नक्की.

माझं म्हणणं, अशी टिंगल झालीच पाहिजे. त्या पेपरात वाचण्यासारखी तेवढीच एक जागा आहे, बाकी सगळं कोणाच्या तरी शुभहस्ते. तुम्हाला काय वाटतं?

मळेकरी_११:
मी त्या टीमचा आहे असं नाही म्हणत, पण तसल्याच टीममधून खेळतो. हसणं सोपं असतं हो. भात कापून झालं की मळ्यातली ढेकळं फोडायची, विहिरीवरून पाणी आणून पीच मारायचं, रोलर कोणाकडून तरी मागून आणायचा, दिवसा मजुरीला जाणारी पोरं हे रात्री लाइट लावून करतात आणि मुंबईतली पोरं रात्रभर एसटीत उभी राहून येतात सहा ओव्हरच्या मॅचला. आणि ज्याने चषक दिला त्याची टिंगल? तो नसता तर टूर्नामेंटच झाली नसती. ओपनिंगला गेला तर गेला, एका विकेटने काय मुंबईची रणजी टीम हरत नाही.

आणि एक सांगतो, कोकणी माणूस म्हणजे हक्काचं हसायचं गिऱ्हाईक झालंय. सिरियलमध्ये मालवणी बोलला की समजायचं नोकर नाहीतर येडपट. तिकडचे करतात ते करतात, आता आपला पेपर पण तेच करणार असेल तर जाहिरात कशाला द्यायची? आमचे पैसे, आमची मर्जी.

काजूबी:
मर्जी तुमची, पण मग ते शुभेच्छांचं पत्रकच छापा की, पेपर कशाला म्हणायचं.

खाडीपलीकडची:
मला त्या टूर्नामेंटवाल्या पट्टीत काही वाईट दिसलं नाही, उलट मागे मोबाइल बघणारा कीपर हा खरा मास्टरस्ट्रोक आहे. पण त्याच पेपरातल्या बाकीच्या पट्ट्या काढून बघा. बायको आली की हातात लाटणं, साडीची खरेदी, माहेरची धमकी. वर्षानुवर्षं तेच. आमच्या घरात लाटण्याने फक्त चपात्या होतात, आणि हल्ली त्या पण नवराच जास्त लाटतो.

हे जगभर चालायचं. इंग्लंडच्या डेली मिररमध्ये 1957 ला अँडी कॅप नावाची पट्टी सुरू झाली, डोळ्यांवर टोपी ओढलेला एक बेकार नवरा, दिवसभर पब, फुटबॉल, कबुतरांच्या शर्यती. आपल्या नाक्यावरचाच माणूस वाटतो, मलाही तो आवडतो. पण सुरुवातीच्या काळात त्यात बायकोला मारणं हा चक्क विनोद म्हणून यायचा आणि लोक हसायचे. पुढे ते गेलं, हसणाऱ्यांचा जमाना बदलला म्हणून गेलं. पट्टी मात्र चालू राहिली. म्हणजे तक्रार करणं चूक नाही, वाचकाने ओरडलंच पाहिजे. जाहिरात तोडणं म्हणजे ओरडणं नव्हे, तो गळा दाबणं झालं. मळेकरीभाऊ, त्या पेपरला एक खरमरीत पत्र लिहा ना, छापतील ते.

सड्यावरचा:
@खाडीपलीकडची लाटण्याबद्दल शंभर टक्के मान्य. लक्ष्मणांच्या कॉमन मॅनच्या घरात बघा, चौकडीचा कोट आणि धोतरवाला हा गृहस्थ 1951 पासून टाइम्समध्ये रोज हजर आणि कधी एक शब्द बोलला नाही. बोलायची ती त्याची बायको, आणि ती मूर्ख म्हणून नाही बोलायची, तिलाच सगळं कळलेलं असायचं.

@मळेकरी_११ तुमच्या मुद्द्यावर येतो. मला वाटतं बोच टिंगलीची नाहीये, त्या पट्टीला कायमचा माणूस नाही याची आहे. दर रविवारी नवा बकरा. त्यामुळे वाचणारा शोधत बसतो की हा कोण, हा कोणाचा काका, नंबर कोणाचा. चिंटू 1991 पासून घराघरात शिरला तो त्यामुळेच, त्याची कोणीही कितीही फजिती करा, ती चिंटूची फजिती, शेजारच्या पोराची नाही, आणि तरी प्रत्येक आई म्हणणार आमचा पण अस्साच.

खेळातलं तर याहून भारी उदाहरण आहे. शुल्झ नावाचा अमेरिकन, त्याची पीनट्स पट्टी 1950 ते 2000 चालली, शेवटची रविवारची पट्टी छापून आली त्याच्या आदल्या रात्री हा माणूस गेला. त्यातला चार्ली ब्राउन बेसबॉलचा कॅप्टन आणि त्याची टीम सदानकदा हरते. तर 1962 ला शुल्झची लाडकी सॅन फ्रान्सिस्कोची टीम फायनल हरली, अगदी शेवटच्या चेंडूवर, मॅकोव्ही म्हणून बॅट्समन होता त्याने सणसणीत मारला आणि तो थेट फिल्डरच्या हातात. दोन महिन्यांनी पट्टी आली. तीन चौकटी चार्ली ब्राउन आणि लायनस फुटपाथच्या कडेला गालाला हात लावून गप्प. काहीच नाही, तीन चौकटी नुसत्या गप्प. चौथीत चार्ली आकाशाकडे बघून बोंबलतो की अरे मॅकोव्हीला तो बॉल तीन फूट वर मारायला काय झालं होतं! पुढच्या महिन्यात परत तसंच, फक्त तीन फुटाच्या ऐवजी दोन फूट. झालं. यात टिंगल कोणाची? मॅकोव्हीची नाही, हरणाऱ्या टीमची पण नाही. आपली, बघणाऱ्यांची. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादची फायनल संपल्यावर आपण सगळे त्याच फुटपाथवर होतो की नाही?

मुंबैचो_चाकरमानी:
माका एक सांगा, पेपर वाचता कोण आता? 2024 च्या फायनलाक सूर्यान बाउंड्रीवर मिलरचो झेल घेतल्यान, मी अजून नाचतंय तवसर मोबाइलवर चाळीस मीम इले. तुमचो व्यंगचित्रकार शाई वाळाची वाट बघत बसतलो. आणि मीमाक जाहिरात लागत नाय, संपादक लागत नाय, मंडळाचो अध्यक्ष रुसाक पण येणा नाय. पट्टीचे दिवस गेले, उगाच रडा नको.

काजूबी:
@मुंबैचो_चाकरमानी त्या चाळीसमधलं एक तरी आज आठवतंय का?

मुंबैचो_चाकरमानी:
नाय. पण हसलंय मा तेव्हा, आणि काय होया?

आगरातला:
मीम आणि पट्टी यांची तुलनाच होत नाही. मीममध्ये चेहरा कुठल्यातरी पिक्चरमधला, वाक्य कोणाचंतरी, नाव कोणाचंच नाही. पट्टीत रेषा त्या माणसाची असते. शि. द. फडणीसांचं चित्र बघा, एक अक्षर नाही, खाली सही नसली तरी कोणीही सांगेल कोणाचं आहे, आणि त्यात सगळे गुण्यागोविंदाने वेडेपणा करत असतात, कोणाला लागतच नाही. मारिओ मिरांडांचं घर लोटलीला, आपल्याच किनाऱ्यावर. तरुणपणी डायरीत गावातलीच माणसं काढायचे, लग्नातली, चर्चमधली, तावेर्नातली, ढेरपोटे, भांडणाऱ्या कोळणी, पाद्री, कुत्री, कोणाला सोडलं नाही. गोव्यात त्यावरून कोणी रुसत नाही, उलट बसस्टँडपासून हॉटेलच्या भिंतीपर्यंत तीच चित्रं रंगवून ठेवलीत. कारण काढणारा त्या गर्दीतलाच होता हे दिसतं.

म्हणून मला वाटतं प्रश्न कायमच्या पात्राचा नाहीये, सड्यावरचा म्हणतायत तसा. मारिओच्या गर्दीत पात्र कोण? आपली पट्टी काढणारा स्वतः कधी मळ्यात उभा राहिलाय का, हा प्रश्न आहे. त्या चित्रातली खेळपट्टी बघितली का कोणी? तीन स्टंप, वर बेल्स! आमच्याकडे टेनिसच्या टूर्नामेंटला बेल्स कुठे असतात, वाऱ्याने उडतात म्हणून कोणी लावतच नाही. तिथेच कळलं मला, यांनी मॅच टीव्हीवर बघितलीय.

मळेकरी_११:
+१०० आगरातला. बेल्सचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं.

सड्यावरचा:
बेल्स नसतील तर दांड्या गुल झाल्याचं चित्रात दाखवायचं कसं ते सांगा. थोडी सूट द्या की चित्रकाराला. आणि मारिओंची गोष्ट वेगळी, ती एका चित्रात मावणारी जत्रा आहे, एक डोकं तुमचं वाटलं तर बाजूला चाळीस आहेत लपायला. पट्टीत माणसं दोन, चौकटी चार, आणि हल्ली पेपर ती छापतात एवढीशी की चष्मा लावून पण फुग्यातलं अक्षर लागत नाही. तिथे वाचकाने अर्ध्या सेकंदात माणूस ओळखायला हवा, म्हणून पात्र लागतं. मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे.

हायवे_६६:
सगळे क्रिकेटवर काय बसलात. मला राग वेगळाच आहे. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, दरवर्षी गणपतीत तीच बोंब, या पेपराच्या पट्टीत खड्डा कधी दिसला का? लक्ष्मण मुंबईच्या खड्ड्यांवर आयुष्यभर काढत राहिले. आमचे चित्रकार काढतात कोणावर, तर ओपनरवर, रुमाल टाकणाऱ्या म्हातारीवर, काकावर. ज्यांच्यापासून काही धोका नाही त्यांच्यावर. याला रोजच्या जगण्यावरचा विनोद म्हणायचं असेल तर म्हणा, मी घाबरट विनोद म्हणतो.

खाडीपलीकडची:
@हायवे_६६ बरोबर आहे, पण बघा ना, ओपनरवर काढलं तर जाहिरात गेली. ज्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात असते त्याच्या रस्त्यावर काढलं तर पेपर राहील का? आधी आपण ओपनरचं सहन करायला शिकू, मग खड्ड्यांची हिंमत मागू त्याच्याकडे.

स्लिपमधला:
एक बाजू राहिली. खेळाडूवर काढताना काय काढलं जातंय हेही बघायला पाहिजे. 2018 ला यूएस ओपनची फायनल सेरेना ओसाकाकडून हरली, अंपायरशी भांडली, रॅकेट तोडली. मेलबर्नच्या हेराल्ड सनमध्ये मार्क नाइटने चित्र काढलं, सेरेना थयथयाट करतेय आणि ओठ, अंग असं फुगवून काढलेलं की जगभर वर्णद्वेषी म्हणून आरडाओरड झाली. तिथल्या प्रेस कौन्सिलने पुढच्या वर्षी निकाल दिला की नियमभंग नाही. तरी मला ते चित्र अजून आवडत नाही. रॅकेट तोडली यावर हसा ना, चेहऱ्यावर कशाला? त्याउलट ऑस्ट्रेलियातल्याच चॅनल नाइनचं ते बदक आठवा, भोपळ्यावर आउट झाला की बॅट काखेत घेऊन रडत पॅव्हेलियनकडे जायचं. आपण पहाटे उठून मॅच बघायचो, आपलाच बॅट्समन शून्यावर जायचा आणि त्या बदकाला बघून शिव्या देता देता हसू यायचं. कोणीही असो, सगळ्यांना एकच बदक.

या हिशोबात आपल्या पट्टीतला गॉगल आणि चेन पास. ते त्याने स्वतः घातलंय.

मळेकरी_११:
बरं, जाहिरातीचं मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरेल, माझ्या एकट्याच्या हातात नाही, पण तोडायची असं माझं मत अजून आहेच, इतक्या लवकर विरघळणार नाही. बदक वगैरे ठीक आहे, त्या बदकाला गावात लग्नाला जावं लागत नाही. आमच्या ओपनरला काल सासुरवाडीत विचारलं, गॉगल नाही आणला का म्हणून.

सड्यावरचा:
म्हणजे तुमचाच ओपनर होता तर!

मळेकरी_११:
होता. आणि त्या चित्रकाराला कोणी ओळखत असाल तर निरोप द्या, पुढच्या वेळी काढायचंच असेल तर कॅच आउट काढ म्हणावं, लाँगऑनला, नारळाच्या बुंध्याशी. बोल्ड तो आजवर झालेला नाही.

काजूबी:
सेमीफायनलचं यूट्यूब लाइव्ह आहे अजून. तिसरी ओव्हर बघा.