जायंट्स कॉजवे : निळी वाट की लाल?

जायंट्स कॉजवे म्हणजे उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे बेसॉल्ट या ज्वालामुखी खडकाचे खांबांसारखे दगड. तिथे निळ्या किंवा लाल खुणेच्या पायवाटेने जाता येतं. ‘निळ्या वाटेने जा, दगड बघा, त्याच वाटेने परत या’ असा सल्ला दिला जातो. गुडघ्यांचा त्रास असेल तर ठीक, नाहीतर अर्धी मजा हुकते. आधी लाल वाटेने कड्यावरून चालत जा आणि शेफर्ड्‌स स्टेप्सच्या १६२ पायऱ्या उतरा. जवळच ‘ऑर्गन’ नावाचे, त्या वाद्याच्या नळ्यांसारखे उंच खांब आहेत, ते बघून मग दगडांकडे वळा. परतताना निळी वाट, तिचा चढ सौम्य आहे. उलट क्रमाने गेलात तर त्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

बुटांचाही विचार करा, इथे पाय घसरतो. लाटांजवळच्या दगडांवर काळा पट्टा दिसतो, तो दगडाचा रंग नव्हे, दगडफुलाचा थर आहे. ओला झाला की साबणासारखा, तिथे पाय टाकूच नका. वरच्या भागातही काही खांबांचे माथे बशीसारखे खोलगट आहेत, पावसाचं पाणी त्यात साचून राहतं. आणि हो, फटींत नाणी खोचू नका. ती गंजून फुगतात, बेसॉल्टचे टवके उडतात, वर तांबूस ओघळ उरतात ते वेगळेच.