दहावीच्या टक्क्यावरून अभ्यासक्रम चांगला की वाईट, हे ठरतं का?

खडूफळा (धागा सुरू करणारे)

निकाल लागला की दोनच मतं ऐकू येतात. टक्का वाढला तर ‘अभ्यासक्रम मुलांना झेपला’, घसरला तर ‘नव्या पुस्तकांनी वाटोळं केलं’. माझं म्हणणं असं की या टक्क्याचा अभ्यासक्रमाशी फारसा संबंध नाही.

राज्य मंडळाचे आकडे पाहा. २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला, कृतिपत्रिका (पाठांतराऐवजी कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका) आली, शिवाय भाषांचे तोंडी परीक्षेचे अंतर्गत २० गुण बंद झाले. निकाल थेट ७७.१० वर. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३०. पुस्तकं तीच, धडे तेच. मग एका वर्षात अठरा टक्के मुलं हुशार झाली की काय? २०२१ ला तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५!

आपण अभ्यासक्रम आणि मोजपट्टी एकाच वेळी बदलतो. मग नवीन काही चाललं की फसलं, हे कळणार कसं?

काठावर पास

२०२० चं उदाहरण सोयीस्कर घेतलंत. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. शिवाय नव्या पॅटर्नचं ते दुसरं वर्ष. शाळांना, क्लासवाल्यांना कृतिपत्रिकेचा अंदाज आला होता. सगळं श्रेय अंतर्गत गुणांना कसं देता?

खडूफळा

एका पेपरच्या सरासरीने अठरा टक्के हलत नाहीत. सरावाचा थोडा भाग असेल, मान्य. पण हिशेब साधा आहे. भाषेत अंतर्गत २० पैकी १८ हातात पडले की लेखी ८० पैकी १७ मिळवूनही पोरगं पास होतं. आणि अंतर्गत गुण शाळाच देते. निकाल शंभर टक्के लागावा म्हणून संस्थाचालकाचा दबाव असलेली शाळा!

मायबोलीची शिक्षिका

इथे मात्र माझा विरोध. तोंडी परीक्षेची टिंगल करायची आता फॅशनच झाली आहे. भाषेच्या अभ्यासक्रमात श्रवण, भाषण, वाचन, लेखन अशी चारही कौशल्यं लिहिलेली आहेत. तीन तासांच्या पेपरात ऐकणं आणि बोलणं तपासता येतं का? २०१९ ला ते २० गुण काढले तेव्हा आमच्या वर्गात प्रकट वाचन आणि वक्तृत्व दोन्ही थांबलं, कारण ज्याला गुण नाहीत ते शिकवायला वेळ कोण देतो! तुम्ही मोजपट्टी बदलली म्हणता, पण मोजपट्टी बदलली की वर्गातला अभ्यासक्रमही बदलतो. कागदावरचा तसाच राहतो, एवढंच.

शाळा गुण फुगवतात हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या शाळेचा परीक्षक बोलवा. परीक्षाच बंद का?

गणितवेडा

बाई, तुमचा मुद्दा पटला, पण दुसऱ्या शाळेचा परीक्षक म्हणजे ‘तुम्ही आमच्या पोरांना सांभाळा, आम्ही तुमच्या’. प्रात्यक्षिकाला हेच चालतं.

वस्तीशाळा

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. दहावीवरून भांडताय, पण अभ्यासक्रम चालतो की नाही हे तिसरी-चौथीतच दिसतं. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाची माणसं घरी येतात, मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात आणि वाच म्हणतात. गणितात वजाबाकी, भागाकार. बस्स. पण वर्षानुवर्षं मोजमाप जवळपास तेच, म्हणून तुलना करता येते. देशभराचा आकडा पाहा. २०१८ मध्ये ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांना तो उतारा वाचता येत होता, कोरोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांना. याचा अर्थ लावता येतो.

उलट सरकारी सर्वेक्षण घ्या. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी. त्याच्या जागी आलेल्या २०२४ च्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी, नववी. आता पाचवीची तुलना सहावीशी करायची का? खडूफळा सर म्हणतात ते इथेही लागू पडतं.

काठावर पास

‘असर’ वाचन आणि साधं गणित मोजतं. इतिहास, विज्ञान, नागरिकशास्त्र कुठे आहे? शिवाय दुसरीचा उतारा पाचवीच्या मुलाला वाचता आला नाही, तर दोष अभ्यासक्रमाचा, शिक्षकाचा, की त्याला जनगणनेला आणि निवडणुकीला पाठवणाऱ्यांचा? तुमचा आकडा तेही सांगत नाही.

वस्तीशाळा

नाही सांगत. पण वाचता न येणाऱ्या पोराची नागरिकशास्त्राची प्रगती तुम्ही कशी मोजणार आहात?

दोन मुलांची आई

मला यातलं फार कळत नाही, पण एक विचारते. २०२३ ला बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली, प्रत्येक पाठाच्या शेवटी नोंदीसाठी कोरी पानं. दप्तर हलकं होणार म्हणे. आमच्याकडे पुस्तकाचा भागही जायचा आणि वह्याही. मग २०२५ पासून ते बंद. हे सुरू करण्याआधी पंचवीस-तीस शाळांत करून बघायला काय हरकत होती?

मायबोलीची शिक्षिका

ताई, तुमचा प्रश्न आमच्या सगळ्या चर्चेपेक्षा नेमका आहे. तरी एक सांगते, हा प्रयोग निदान तपासून मागे घेतला गेला. मुलं त्या पानांवर लिहीत नाहीत, वह्या बंद होत नाहीत, हे शाळांतून दिसलं म्हणूनच निर्णय फिरवला. कौतुक नाही करणार, पण मूल्यमापन म्हणतात ते हेच.

खडूफळा

दोन वर्षं राज्यभर छापून झाल्यावर? बाई, वह्या बंद होत नाहीत हे कुठल्याही वर्गात पहिल्याच महिन्यात दिसलं असतं.

गणितवेडा

आणि आता पहिलीपासून ‘सीबीएसई पॅटर्न’. २०२५ ला पहिली झाली, पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने. जुन्या पुस्तकांवर शिकलेल्या मुलांना काय येत होतं, याची नोंद कुणी करून ठेवली आहे का? नसेल तर पाच वर्षांनी पुन्हा असाच धागा निघेल.

वस्तीशाळा

आमच्या शाळेत पुढच्या वर्षी दुसरी आणि तिसरीत तोच वाचन उतारा, तीच वजाबाकी जूनमध्ये आणि मार्चमध्ये घेणार आहोत. नवी पुस्तकं असोत वा जुनी, उतारा बदलणार नाही. ज्यांना करायचंय त्यांनी इथे कळवा, उतारा सगळ्यांनी मिळून ठरवू.

काठावर पास

मला कळवा. विज्ञानाचे दोन प्रश्न त्यात घालणार असाल तर.