स्ट्रोकनंतर बाबांचं डावीकडचं सगळं सुटतं. कुणाला दाखवावं?

रानवाट: दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला. बोलणं स्वच्छ, नावं-तारखा पाठ. पण ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, दाढी अर्धीच होते, डावा खांदा चौकटीवर आपटतो. डोळे तपासले, नजर ठीक निघाली. आई म्हणते, मुद्दाम करतात. सल्ला हवाय.

मृद्गंध: ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून सांगते, आधी आईंची समजूत घाला. ते मुद्दाम नाही. याला नेग्लेक्ट म्हणतात. डोळे चांगले असतात, पण लक्ष डावीकडे वळत नाही. न्यूरोलॉजिस्टना सांगून न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या इजेनंतर लक्ष, स्मृती वगैरे तपासणारे मानसतज्ज्ञ) तपासणी करून घ्या. रेघेचा मध्य काढायला सांगतात, तो उजवीकडे सरकतो. पानभर विखुरलेल्या खुणांवर काट मारायला सांगतात, डावीकडच्या राहून जातात. स्मृती-विचारांची झटपट चाळणी करणारी ३० गुणांची मोका चाचणी असते, नुसत्या तिच्यावर थांबू नका. आणि बाबांना विचारलं तर ते 'मला काही त्रास नाही' म्हणतील, कारण त्यांना ते जाणवतच नाही. घरी जे दिसतं ते लिहून न्या.

दीपस्तंभ: आईंना हा प्रयोग सांगा. १९७८ साली बिसियाक आणि लुझाती या इटालियन संशोधकांनी अशा पेशंटना मिलान शहरातला, त्यांच्या ओळखीचा कॅथेड्रलचा (मोठ्या चर्चचा) चौक डोळ्यांसमोर आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभं असल्याची कल्पना केली, तेव्हा त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून उलट चौकाकडे बघताय असं समजा म्हटल्यावर मघाशी सुटलेल्या इमारती सांगितल्या आणि आधीच्या गळाल्या! म्हणजे आठवण शाबूत होती, तिच्या डाव्या अर्ध्याकडे लक्ष पोचत नव्हतं. मला तर हे वाचून गलबलून आलं होतं.

रानवाट: घरी काय करू? लक्ष वेधायला बेल वाजवली तर?

दीपस्तंभ: १९९८ च्या एका अभ्यासात अचानक आवाज ऐकवल्यावर डावीकडचं भान तेवढ्यापुरतं सुधारलं होतं. परिणाम क्षणिक, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

मृद्गंध: वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा. प्रत्येक ओळीला 'पट्टी दिसेपर्यंत मान वळवा' म्हणा. थकल्यावर जास्त सुटतं, तेव्हा थोडा थोडा वेळच करा. गाडी मात्र डॉक्टर सांगेपर्यंत अजिबात चालवू देऊ नका.

रानवाट: आईला चौकाचा प्रयोग वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. आज जेवताना तिने काही न बोलता ताट फिरवून दिलं.

मृद्गंध: छान केलं. उद्या मात्र आधी त्यांना स्वतः शोधू द्या, नाही सापडलं तरच फिरवा.