मदत हवी आहे: फॉलआउटवरून ग्रुपमध्ये रोज भांडण, सुरुवात कुठून करू?

मंडळी, एक सल्ला हवाय. आमच्या गेमिंग ग्रुपमध्ये फॉलआउट या व्हिडिओ गेम सिरीजवरून दोन पार्ट्या पडल्यात आणि मी मधल्यामधे अडकलोय, कारण मी अजून एकही भाग खेळलेलो नाही 😅

जुनी पार्टी म्हणते खरा फॉलआउट म्हणजे १९९७ आणि १९९८ चे पहिले दोन, इंटरप्ले कंपनीवाले, वरून तिरका दिसणारा नकाशा आणि आपली पाळी आली की वार करायचा. बेथेस्डा या दुसऱ्या कंपनीने २००७ मध्ये सिरीजचे हक्कच विकत घेतले आणि २००८ ला तिसरा भाग थेट फर्स्ट पर्सन (म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा) करून टाकला, त्यांच्या मते तिथेच सगळं संपलं. नवी पार्टी म्हणते अरे इंटरप्लेने स्वतःचा तिसरा भाग २००३ मध्येच गुंडाळला होता, दुसऱ्याने घेतलं नसतं तर सिरीज कधीच मेली असती. मला तर दोघांचंही पटतं, हाच प्रॉब्लेम आहे.

गंमत म्हणजे याच सिरीजमधला न्यू वेगास (२०१०) दोघांनाही आवडतो! तो ऑब्सिडियन कंपनीने बनवला, तिथे जुन्या टीममधले काही जण होते म्हणून जुनी पार्टी खूश, आणि इंजिन (गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) तिसऱ्या भागाचंच म्हणून नवी पण खूश.

तर मी डायरेक्ट न्यू वेगासपासून सुरू करू का? की आधी पहिला खेळू? जुने कंट्रोल्स आता झेपतात का, की दोन तासांत कंटाळा येतो? खेळलेल्यांनीच सांगा प्लीज, आणि इथे भांडू नका रे 🙏