मदत हवी आहे: फक्त सीडीसाठी चांगला प्लेअर कोणता?

राम राम मंडळी. भुसावळला राहतो. भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी... कपाटभर सीड्या आहेत, पण डीव्हीडी प्लेअरवर ऐकणं आता जिवावर येतं. फक्त सीडीसाठीचा, वरच्या दर्जाचा प्लेअर घ्यायचाय. सीडीत मुळात आवाजाची डिजिटल नोंद 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ एवढीच असते. मग महागड्या डॅकने (डिजिटल नोंदीचं ऐकण्याजोग्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग) विलंबितातला तानपुरा खरंच मोकळा ऐकू येतो का? की साधा ट्रान्सपोर्ट (फक्त सीडी वाचून डिजिटल सिग्नल देणारं यंत्र) घेऊन कोअ‍ॅक्शियल केबलने वेगळा डॅक जोडावा? एक जुना, भारीतला प्लेअर स्वस्तात मिळतोय. मन तिकडेच ओढतंय, पण लेझर पिकअप (सीडी वाचणारा भाग) गेलं तर तो पार्ट मिळेल का? त्यात आमचा मे महिना आणि धूळ, विचारूच नका! जळगाव-धुळ्याकडे असं यंत्र नीट उघडणारा भरवशाचा माणूस कुणाला माहीत आहे का?