शब्दचर्चा: 'सँक्च्युअरी'ला मराठीत काय म्हणावं? (टूसॉन, १९८२)

पाटीपेन्सिल
एका मासिकासाठी १९८० च्या दशकातल्या अमेरिकन 'सँक्च्युअरी' चळवळीवर, म्हणजे निर्वासितांना चर्चमध्ये जागा देणाऱ्यांवर, लिहितेय आणि गाडी नावापाशीच अडली आहे. हकीकत कळल्याशिवाय शब्द सुचवणं अवघड, म्हणून थोडी सांगते.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये तेव्हा यादवी पेटली होती. सैन्य आणि त्याच्या आशीर्वादाने फिरणाऱ्या मारेकरी टोळ्या माणसं उचलून नेत होत्या. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असताना गोळी घातली. त्याच वर्षी जुलैत दलालांनी २६ साल्वाडोरी माणसं सीमेपार आणून ॲरिझोनाच्या वाळवंटात सोडून दिली. त्यांतली १३ उन्हातान्हात पाण्यावाचून मेली. वाचलेल्यांचं बघायला टूसॉन शहरातली चर्चं पुढे आली. त्यांत साउथसाइड प्रेस्बिटेरियन हे छोटं चर्च होतं, आणि त्याचे धर्मगुरू जॉन फाइफ.

अमेरिकेने १९८० मध्येच निर्वासितांसाठी नवा कायदा केला होता. मायदेशी छळ होण्याची रास्त भीती असेल त्याला देशात राहू द्यावं, असं तो सांगतो. पण साल्वाडोरचं सरकार अमेरिकेच्या पैशावर आणि शस्त्रांवर उभं होतं. ते आपल्याच माणसांना छळतंय हे वॉशिंग्टन कबूल कसं करणार? साल्वाडोरी अर्जांपैकी शंभरात तीनसुद्धा मंजूर होत नव्हते, ग्वाटेमालाचे त्याहून कमी. बाकीचे 'पोटापाण्यासाठी आलेले' ठरवून परत पाठवले जात.

चर्चने आधी कायद्याच्या वाटेने जमेल ते केलं. जामीन भरले, वकील लावले, अर्ज लिहून दिले. तरी माणसं परत जातच राहिली. मग सगळ्यांनी बसून बराच वेळ चर्चा केली, गुप्त मतदान घेतलं. विरोधात फार थोडे होते. २४ मार्च १९८२ ला, रोमेरोंच्या स्मृतिदिनी, दाराशी फलक लागले: मध्य अमेरिकेतल्या पीडितांसाठी हे देवाचं 'सँक्च्युअरी' आहे, इमिग्रेशनवाल्यांनी ते विटाळू नये, अशा अर्थाचे. आदल्या दिवशीच्या तारखेचं पत्र फाइफनी थेट ॲटर्नी जनरलना, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याला, धाडलं होतं, की तुमच्या कायद्याचं अमुक कलम आम्ही उघडपणे मोडणार आहोत.

मी 'आश्रय चळवळ' लिहिलंय, पण वाचताना ते एखाद्या धर्मशाळेच्या पाटीसारखं वाटतं. या लोकांनी सरकारला सांगून दार उघडलं. तो 'सांगून' शब्दात यायला हवा.

कोर्टकचेरी
'आश्रय' मलाही नको वाटतो, पण कारण वेगळं आहे. 'फरार आरोपीला आश्रय दिल्याप्रकरणी नातेवाइकावर गुन्हा' ही आपल्या पेपरातली नेहमीची ओळ. टूसॉनमध्ये जानेवारी १९८५ मध्ये सोळा जणांवर आरोपपत्र दाखल झालं, त्यांतला एक आरोप 'हार्बरिंग'चा, म्हणजे नेमका हाच. फिर्यादी पक्ष ज्याला गुन्हा म्हणतो आणि चर्च ज्याला धर्म म्हणतं, त्या दोहोंना तुम्ही एकच शब्द वापरलात तर वाचकाला भांडण कशाचं आहे तेच कळणार नाही. 'हार्बरिंग'ला 'आसरा देणे' ठेवा. कायद्याच्या मराठीत तो रुळलेला आहे. 'थारा' तर नकोच. तो मराठीत बहुतेक नकारासाठीच उरलाय, कुणाला थारा देऊ नका, कुठे थारा मिळेना.

नाशिककर
शब्द आमच्या गावात दीडशे वर्षं रस्त्याच्या पाटीवर आहे. शरणपूर.

नाशिकला शरणपूर रोडवर कपडे घ्यायला, दवाखान्यात, बँकेत सगळे जातात, पण हे नाव कुठून आलं याची चौकशी फार थोडे करतात. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी नाशिकच्या वेशीबाहेर ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचं नाव शरणपूर. पुढे ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली की त्यांवरची सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत आणि त्यांतली बरीच शरणपूरला धाडत. तिथे त्यांना सुतारकी, लोहारकी, लिहिणंवाचणं शिकवलं. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी आणि संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली मुलं होती. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर होता. पुढे प्राइसनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांची फ्रियरटाउन ही वस्ती उभारली, तेव्हा तिथेही नाशिकची माणसं गेली.

परक्या मुलखातून जीव वाचून आलेली माणसं आणि त्यांना जागा देणारी एक धार्मिक वस्ती, हे मराठी मातीत घडलेलं आहे. त्यामुळे 'शरण' या शब्दावर आपला हक्क आहे.

कोर्टकचेरी
सुंदर माहिती. पण एक फरक नजरेआड करू नका. शरणपूरला माणसं सरकारच्या आरमारानेच आणून सोपवली होती. टूसॉनला सरकार दाराबाहेर बेड्या घेऊन उभं होतं.

रानवाटा
'शरण'ची अडचण अशी की आजच्या मराठीत शरण येतो तो हरलेला. शत्रू शरण आला, अमुक जण पोलिसांना शरण गेले, शरणागती पत्करली. 'शरण चळवळ' वाचून कुणाला वाटेल चर्चनेच हात टेकले.

माझ्या डोक्यात आधीपासून 'अभय' आहे. वन्यजीवांच्या 'सँक्च्युअरी'ला आपण 'अभयारण्य' म्हणतो आणि शाळकरी पोरालाही ते कळतं. जंगलाला चालतो तो शब्द माणसाला का चालू नये? या चळवळीच्या मुळाशी जो क्वेकर (एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचा माणूस) होता त्याचं नावही जिम कॉर्बेटच होतं. कुमाऊंच्या वाघांचा तो नव्हे, हा ॲरिझोनाचा, हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकून गुरं नि शेळ्या राखणारा. १९८१ च्या मे महिन्यात एका साल्वाडोरी तरुणाला सीमा पोलिसांनी पकडल्याचं त्याच्या कानावर आलं. तो चौकशीला गेला आणि मग थांबलाच नाही. वाळवंटातल्या पायवाटा त्याला तोंडपाठ होत्या. किती माणसं त्याने स्वतः चालवत आणली.

नगरवाला
मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातला, म्हणून आमच्या बोलीतले दोन शब्द सांगतो. आम्ही चर्चच्या लोकसमूहाला 'मंडळी' म्हणतो आणि धर्मगुरूला 'पाळक'. पाटीपेन्सिलताई, 'चर्चने ठरवलं' असं लिहिण्यापेक्षा 'मंडळीने ठरवलं' लिहा. चर्च म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे इमारत येते, फार तर बिशप. इथे ठरवलं ते बाकांवर बसणाऱ्या माणसांनी. उद्या दंड झाला, तुरुंग झाला, तर तो आपल्या घरादारावर येणार हे माहीत असून त्यांनी चिठ्ठी टाकली.

शरणपूरबद्दल आणखी एक. मराठी ख्रिस्ती माणसाला तो शब्द ऐकून बायबलच्या जुन्या करारातली सहा नगरं आठवतात. ज्याच्या हातून नकळत माणूस मेला त्याने सूड घेणाऱ्यांपासून पळून त्या नगरात जावं आणि मंडळीपुढे त्याचा न्याय होईपर्यंत तिथे सुरक्षित राहावं, असा नियम होता. 'न्याय होईपर्यंत' हे फार महत्त्वाचं आहे. या नगरांत कुणाला कायद्यापासून लपवत नसत. नीट सुनावणी होईस्तोवर जीव राखत. टूसॉनच्या मंडळीचं मागणंही याहून जास्त नव्हतं. आमच्या अर्जदारांचं ऐकून घ्या, मग ठरवा.

न्यू जर्सीहून
चर्चा शब्दांची असली तरी एक गोष्ट मनात येते ती बोलते. इथे मराठी मंडळात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'आम्ही वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत, मग यांनी रांग का मोडावी?' ती कळकळ खोटी नाही. मीही त्याच रांगेत आहे. पण जीव वाचवून आलेल्याच्या अर्जाला रांगच नसते. १९८० चा कायदा म्हणतो की माणूस अमेरिकेच्या भूमीवर असला की तो कुठल्या कागदावर आला हे न बघता त्याला अर्ज करता येतो. म्हणून लेखात 'बेकायदा घुसलेले' हा शब्द कृपा करून वापरू नका. अर्ज ऐकण्याआधीच तो निकाल देऊन मोकळा होतो. आपल्याकडे फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत सिंधी आले त्यांना आपण 'निर्वासित'च म्हटलं. तो शब्द पुरेसा आहे.

पाटीपेन्सिल
'मंडळी' घेतला. 'निर्वासित' घेतला. 'अभय'कडे मन ओढतंय, पण एक शंका आहे. अभय द्यायला अंगी बळ लागतं. राजा अभय देतो, देव देतो, ज्याच्या हातात शस्त्र असून तो ते चालवत नाही तो देतो. साउथसाइडच्या मंडळीकडे काय होतं? एक इमारत आणि पोटलक (ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या) जेवणाची भांडी. पोलिस आत आले असते तर कुणाच्या बापाला थांबवता आले नसते. झालंही विपरीत. सरकारने दार फोडलं नाही, खबरे पाठवले. ते बायबलच्या अभ्यासाला येऊन बसत, प्रार्थनेत सामील होत आणि अंगावर दडवलेल्या यंत्रावर सगळं ध्वनिमुद्रित करत. ज्यांना अभय दिलं त्यांचेच आवाज त्या टेपांवर. हे वाचलं तेव्हा 'अभय' लिहायला हात धजेना.

तळकोकण
ताई, अभय म्हणजे संरक्षणाची हमी असं धरलं म्हणून तुम्हाला अडचण येतेय. जुन्या मराठीत अभयाबरोबर आणखी एक शब्द यायचा: कौल. मुलूख उजाड झाला की रयतेला 'या, वस्ती करा, तुम्हाला तोशीस लागणार नाही' असं लिहून द्यायचे, तो कौल. म्हणजे कौल हा दिलेला शब्द. तो पाळता येईल की नाही हे पुढचं. दिला, लिहून दिला, चारचौघांत दिला, आता मागे फिरता येत नाही. तुम्हाला हवं असलेलं 'सांगून' यात आहे.

आणि आमच्याकडे, गोव्यात सुद्धा, कौल म्हणजे देवाला विचारणं. गावात अडचण आली की देवळात जमायचं, मूर्तीला कळ्या किंवा पाकळ्या लावायच्या, उजवी पडते की डावी ते बघायचं. निवडणुकीत मतदारांचा कौल म्हणतात तो अर्थ यातूनच पसरलेला दिसतो. तुमच्या टूसॉनच्या मंडळीने देवाघरी बसून, प्रार्थना करून, मतं टाकून परक्या माणसांना वचन दिलं. विचारणं, ठरवणं आणि शब्द देणं, तिन्हीला मराठीत कौलच.

नगरवाला
कौल आवडला, पण जपून. कौलात देव बोलतो आणि माणूस मान डोलावतो. इथे चिठ्ठी माणसांनी टाकली आणि जबाबदारीही त्यांनीच घेतली. कॉर्बेटच्या क्वेकरांत तर मतदानही नसतं. सगळे शांत बसतात, ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलतो, आणि सभेचा विचार एका ठिकाणी येईपर्यंत थांबतात. त्याला 'कौल' नाही म्हणता येणार. 'एकविचार' म्हणा. 'बहुमत' तर मुळीच नको.

कोर्टकचेरी
मूळ प्रश्नाइतकाच अवघड शब्द अजून कुणी काढला नाही, म्हणून मीच काढतो. मराठी वाचक हे सगळं वाचून पटकन म्हणेल 'सविनय कायदेभंग'. गांधीजींमुळे तो शब्द आपल्या जिभेवर आहे आणि सुरुवातीला फाइफही याच भाषेत बोलत होते. त्यांच्या पत्रातच कलम मोडण्याची गोष्ट आहे. पुढे एका वकिलाने सांगितलं की असं बोलू नका, कायदा तुम्ही मोडत नाही, सरकार मोडतंय. १९८० चा कायदा सरकारचाच, आणि निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करारही अमेरिकेने मान्य केलेला. सरकार तो पाळत नाही तेव्हा नागरिकांनी तो पाळायचा. कॉर्बेटने याला 'सिव्हिल इनिशिएटिव्ह' म्हटलं. मिठाचा कायदाच अन्यायाचा होता, म्हणून तो मोडला. टूसॉनमध्ये कायदा चांगला होता, त्याचा वापर अन्यायाचा होता. दोन्हींना एक शब्द लावला तर मंडळीचं सगळं म्हणणंच पुसलं जातं.

न्यायालयाने हे म्हणणं ज्युरीपुढे येऊच दिलं नाही. साल्वाडोरची परिस्थिती, धर्मश्रद्धा, आंतरराष्ट्रीय कायदा, काहीही पुरावा म्हणून चालणार नाही असं न्यायाधीश अर्ल कॅरोल यांनी ठरवलं. बचाव पक्षाने मग एकही साक्षीदार उभा केला नाही. १ मे १९८६ ला, सोळांपैकी ज्या अकरांवर प्रत्यक्ष खटला चालला त्यांतले आठ दोषी ठरले, त्यांत फाइफ. कॉर्बेट सुटला. तुरुंगात मात्र कुणालाच पाठवलं नाही, देखरेखीवर सोडलं. त्यानंतर १९९१ च्या 'अमेरिकन बॅप्टिस्ट चर्चेस' खटल्यातल्या तडजोडीने साल्वाडोरी आणि ग्वाटेमाली अर्ज नव्याने ऐकायचं सरकारने मान्य केलं. म्हणजे मंडळी जे मागत होती तेच. आणि फाइफ १९९२ मध्ये त्यांच्या अख्ख्या प्रेस्बिटेरियन पंथाचे प्रमुख निवडून आले.

रानवाटा
'नागरी पुढाकार' फार सरकारी योजनेसारखा वाटतो. 'कायदाराखण' कसा? रान राखतो, शेत राखतो, तसा कायदा राखायचा.

न्यू जर्सीहून
'कायदाराखण' मला पटला. आणि लेख जुन्या काळापुरता ठेवू नका ही विनंती. प्रार्थनास्थळं, शाळा, दवाखाने इथे धरपकड टाळावी अशी इमिग्रेशन खात्याची सूचना होती. जानेवारी २०२५ मध्ये ती काढून टाकली. त्याविरुद्ध क्वेकर कोर्टात गेले आणि त्यांच्याबरोबर सॅक्रामेंटोचा गुरुद्वाराही. फेब्रुवारीत मेरिलँडच्या न्यायाधीशांनी या फिर्यादींपुरती तरी कारवाईला आडकाठी केली. माझ्या ओळखीतल्या काही जणी आता रविवारी लंगरला जाताना मुलांच्या दप्तरात कागदांच्या झेरॉक्स ठेवतात. त्यांच्या डोळ्यांसमोर 'आश्रय' की 'अभय' हा प्रश्न नाही. आपल्या बाकावर शेजारी बसणारा उद्या साक्षीला येईल का, एवढंच त्या बघतायत.

पाटीपेन्सिल
तर असं लिहितेय. चळवळीचं नाव 'अभय चळवळ', आणि पहिल्या परिच्छेदातच तळकोकण यांनी सांगितलेला खुलासा की इथे अभय म्हणजे चारचौघांत दिलेला शब्द, ताकदीची हमी नव्हे. दाराशी लागलेल्या फलकाला 'अभयाचा कौल'. प्रेस्बिटेरियनांच्या मतदानाला 'मंडळीचा निर्णय', क्वेकरांसाठी 'एकविचार'. आरोपपत्रातल्या शब्दाला 'आसरा देणे'. 'सिव्हिल इनिशिएटिव्ह'ला 'कायदाराखण', पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगून. शरणपूरवर वेगळी चौकट करते. नाशिककर, वस्तीतल्या जुन्या चर्चचा किंवा दफनभूमीचा फोटो मिळू शकेल का?

नाशिककर
रविवारी जाऊन काढतो. तिथल्या मंडळीला आधी विचारतो.