चांदमिनारामागचा चंद्र आणि ‘फोटोशॉपवाले सगळे फसवे’

देवगिरीकर:
दौलताबादच्या चांदमिनारामागं मिनाराएवढा पौर्णिमेचा चंद्र, असा फोटो परवा इथं आला. खाली एकानं लिहिलं, ‘फोटोशॉपवाले सगळे फसवे, यांनीच फोटोग्राफी मारली.’ हे काही पटलं नाही. ऑस्कर रेलँडर नावाच्या फोटोग्राफरनं १८५७ साली तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं, डार्करूममध्ये, हातानं. फोटोशॉपात लेअर, म्हणजे एकावर एक चित्र ठेवायचे थर, आले १९९४ साली. जोडकाम जवळजवळ फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. कारागिराला शिव्या कशाला?

कातरवेळ:
ते मीच लिहिलं आणि अजून तेच म्हणतो. असलेच फोटो बघून माझा पाहुणा पौर्णिमेला पोरंबाळं घेऊन गडाखाली गेला आणि हिरमुसून परतला. नॅशनल जिओग्राफिक मासिकानं फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले, तर केवढी टीका झाली. मग आपल्या गडाला वेगळा न्याय कामून?

देवगिरीकर:
मोठा चंद्र खोटाच असतो असं नाही. मिनार साधारण ६४ मीटर उंच, चंद्र आकाशात अर्धा अंश. सातेक किलोमीटर मागं जाऊन टेलिलेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली, तर दोन्ही सारखे दिसतात. त्या फोटोचा दोष उजेडात आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो. चंद्र मिनारामागं, तर मावळतीचं ऊन मिनाराच्या तोंडावर पाहिजे. इथं मिनाराची कड मागून उजळलीय. करणाऱ्यानं उजेड बघितलाच नाही, नुसतं आभाळ बदललं.

लातूरचा स्टुडिओवाला:
चंद्राचं सोडा. आमच्याकडं निम्मी कामं ‘लग्नाच्या फोटोत वारलेल्या वडलांना उभं करा’ अशी येतात. हातात काय, तर आयकार्डाचा चुरगळलेला फोटो. केसांची कड मास्कनं, म्हणजे नको ते झाकून, काढायची, मानेचा जोड लपवायचा, पायाखाली सावली मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मोडवर टाकायची, शेवटी सगळ्यावर सारखा ग्रेन, म्हणजे फोटोचा बारीक दाणा. रात्र जाते. आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘एका क्लिकचं तर काम, एवढे पैसे?’

माजलगावची लेक:
दादा, पैशाचं नंतर बोला. माझ्या लग्नाच्या अल्बमात आमच्या अण्णांना असंच उभं केलं, कोट-टायमध्ये! जन्मभर धोतर-टोपीत राहिलेला माणूस. आईनं ते पान उलटलं ते पुन्हा उघडलं नाही. शिर आमच्या अण्णांचं, धड कुणाचं?

लातूरचा स्टुडिओवाला:
ताई, तयार धड कोटाचंच मिळतं. धोतरातला फोटो कुणी देत नाही, आम्ही काय स्वप्नात बघायचं?

माजलगावची लेक:
विचारलं का एकदा तरी? शेजारच्या काकांना धोतर नेसवून उभं केलं असतं, त्याच उजेडात फोटो काढला असता. बाप कसा होता हे लेकीला विचारायला तोंड दुखतं?

गोदाकाठ:
माझ्या भावाचा फोटो असाच जोडून घेतला, त्याच्याच शर्टात. आई रोज त्याला हात लावून कामाला लागते. तिला ठाऊक आहे तो तिथं नव्हता. तिला कुणी फसवलं नाही.

लातूरचा स्टुडिओवाला:
विचारायला पाहिजे, एवढं मान्य. पण लग्नाच्या सीझनात विचारपूस करून काम द्यायचं तर चार दिवस जास्त लागतील. तेवढं थांबा मग.

माजलगावची लेक:
थांबू. बापासाठी थांबायला कोण नाही म्हणतं?

कातरवेळ:
घरच्या अल्बमापुरतं मागं घेतो, तिथं सगळ्यांना माहीत असतं. पण गडाचा फोटो चारचौघांत टाकताना खाली ‘जोडचित्र’ लिहा. त्यावर मी हटणार नाही.

देवगिरीकर:
लिहायलाच पाहिजे, त्याला माझी ना नाही. पण ‘सगळे फसवे’ हे शब्द अजून तसेच आहेत तिथं. ते आधी काढा.